वटवाघळांचं डोहाळजेवण

दिल्लीत हिंदूरावच्या टेकडीवर, इस्पितळाच्या मागे, किकरांच्या म्हणजे बाभळींच्या रानात एक भुयार आहे. ते कोणी खणलं याबद्दल आमच्या कॉलनीत कधी एकमत झालं नाही. विश्वासराव टिपणीस म्हणतात, हिंदूरावाने. आणि हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरहून आलेला आपला मराठी माणूस, हे कोणी विचारलेलं नसतानाही सांगतात. कॉलनीचे सेक्रेटरी अविनाश भाटिया यांच्या मते भुयार थेट लाहोरला निघतं, म्हणजे त्यांच्या आजोळाच्या गल्लीत. खालच्या मंदिराचे पुजारी पांडवांवर ठाम आहेत. आयुष्यभर नर्सिंग करून निवृत्त झालेल्या, नगरच्या ख्रिस्ती घरातल्या मीनाक्षी साळवे म्हणतात, इंग्रजाने सांडपाण्यासाठी खणायला घेतलं असेल आणि बदली झाल्यावर सोडून दिलं असेल.

एका बाबतीत मात्र पांडवांपासून इंग्रजांपर्यंत सगळे पक्ष एक होते. आत वटवाघळं आहेत आणि ती नकोत.

नको असण्याची कारणं ज्याची त्याची होती. विश्वासरावांना वासाचा त्रास होता. ऑडिट खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना आक्षेप घ्यायला दुसरं फारसं काही उरलं नव्हतं, हे आम्ही त्यांच्या बाजूने जमेला धरतो. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई वटवाघळाला अपशकुन मानत आणि संध्याकाळी केस मोकळे सोडून गच्चीवर जाणाऱ्या मुलींना, ती डोक्यात अडकली की काढता येत नाहीत, असं स्वतः पाहिल्यासारखं सांगत. एका घरी मेरठहून आलेल्या पाहुण्यांनी गुडघेदुखीवर वटवाघळाचं तेल काढता येईल का अशी चौकशी केली होती; वटवाघळं हवी होती ती फक्त त्यांनाच असं म्हणता येईल. भाटियांचं कारण सगळ्यांत ताजं होतं. त्यांची सून सलोनी हिला दिवस गेले होते, आणि करोनाच्या काळात टीव्हीवर जे जे ऐकलं ते त्यांनी नीट जपून ठेवलं होतं. घरात बाळ यायच्या आत भुयाराचं तोंड विटांनी बंद व्हायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. भाटियांबद्दल काहीही बोला, माणूस कामाचा आहे. त्यांनी अर्ज केला, पाठपुरावा केला, आणि होळीनंतर संबंधित खात्यातून उत्तर आणलं: स्थानिक रहिवाशांची हरकत नसेल तर भिंत बांधायला परवानगी. आठवड्यात विटा येऊन पडल्या.

विटांच्या मागोमाग नीरजा आली.

नीरजा गाझियाबादला आईवडिलांकडे राहते, वटवाघळांवर काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत आहे. दिल्लीतच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी घरातल्या घरात पुरणारं. पहिल्या दिवशी ती 'चमगादड' म्हणाली तेव्हा सुहासिनीबाईंनी तिला पाणी देण्याआधी 'वटवाघूळ' हा शब्द दिला. ती प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडत होती: आपल्याला वटवाघळांची भीती वाटते का, फार, थोडी, की अजिबात नाही. विश्वासरावांनी तिला तासभर बसवून घेतलं आणि सातव्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत हे सिद्ध करून मगच सोडलं. उत्तर मात्र दिलं नाही. बसवून घेतलं म्हणणंही खरं नाही, कारण ही मुलगी बसतच नाही. चहा उभ्याने पिते, बोलताना खिडकीकडे पाहते, आणि कोणी जरा लांबण लावली की तिचा पाय जमिनीवर ठेका धरतो. तिला लग्नाचं विचारायचं कॉलनीतल्या आमच्या मराठी मंडळातल्या तीन बायकांच्या मनात होतं. तिघींनाही ती एका जागी सापडली नाही.

तिची अस्वस्थता उगाच नव्हती. भुयारात उंदरासारखी लांब शेपटी असलेली छोटी वटवाघळं होती आणि उन्हाळा लागला तशा त्यांच्या माद्या तिथे गोळा होत होत्या. सगळ्या गाभण. पावसाच्या तोंडाशी एकेकीला एकेक पिल्लू होणार. ते पिल्लू उडायला लागेपर्यंत त्यांना अंधार, ऊब आणि शांतता हवी. दिल्लीत अशा जागा बुजवून बुजवून संपत आल्या होत्या. या भुयारातून निघून त्यांनी कुठे जावं याचं उत्तर तिच्या प्रश्नावलीत नव्हतं आणि तिच्यापाशीही नव्हतं. भिंत थांबवायला स्थानिक लोकांची हरकत हवी होती, आणि स्थानिक लोक एकमताने भिंतीच्या बाजूने होते.

तिने ते कसं फिरवलं हे सांगण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

मंडळाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू टिपणिसांकडे होतं. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनातल्या ओळखीने आणवलेल्या अळूवड्या. नीरजा तिथे आली ती बोलायला दोन मिनिटं मागूनच. तिने मोबाइलवर फोटो दाखवले, डास किती खातात ते सांगितलं, आजारांबद्दल सांगितलं, की त्यांना हात लावू नये, त्यांच्या जागेत घुसू नये, मग त्यांच्यापासून धोका नाही. बायका अळूवड्या खात माना डोलवत होत्या. कोणाच्या मनात काही शिरत नव्हतं हे तिलाही दिसलं असावं. मग ती जायला निघाली आणि दाराशी थांबून, चपलेचा बंद लावता लावता म्हणाली, "आत सगळ्या पोटुशी आहेत हो, काकू. एकूण एक."

पोटुशी हा शब्द तिला तिच्या आजीकडून मिळाला असणार. खोलीत काय झालं ते पाहायला विश्वासराव नव्हते, आम्ही होतो. सुहासिनीबाईंनी हातातलं पन्हं खाली ठेवलं.

"सगळ्या?"

"सगळ्या. नर वेगळे राहतात या दिवसांत."

"म्हणजे माहेरी आल्यात," सुहासिनीबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, कोणाकडेच न बघता, "पोटुशीच्या दारात भिंत घालायची म्हणजे..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, गरजही नव्हती. त्या संध्याकाळी मंडळाच्या बायकांनी हरकतीवर सह्या केल्या, दुसऱ्या दिवशी नवऱ्यांकडून करवून घेतल्या. विश्वासरावांनी मसुद्यातली व्याकरणाची एक चूक काढून मग सही केली. खात्याचे साहेब येऊन पाहून गेले आणि त्यांनी साहेबांसारखा निकाल दिला: पावसाळा संपेपर्यंत भिंत नाही, मग पुन्हा पाहणी. मात्र तोवर वटवाघळं स्वतःहून निघून गेली, तर रिकाम्या भुयाराला भिंत घालायला कोणाची हरकत ऐकली जाणार नाही.

भाटियांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. त्या शांतपणाकडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही.

नीरजा त्या रात्री गाझियाबादच्या मेट्रोत बहुधा पहिल्यांदा बसून गेली असेल. पण तिचा हिशेब एका ठिकाणी चुकला होता. तिला बायकांची सही हवी होती. बायकांनी सहीबरोबर जीवही लावला.

आधी सुहासिनीबाई एकदा बघून आल्या, लांबून. मग दोघी-तिघी जमून गेल्या. मग सकाळच्या फिरण्याचा रस्ताच भुयारावरून वळला. कोणी तोंडाशी केळी ठेवली, कोणी चिकू. ही वटवाघळं किडे खातात, फळं नाहीत, असं नीरजाने दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिला समजुतीने सांगण्यात आलं की बाईला या दिवसांत काय खावंसं वाटेल याचा नेम नसतो. फळांवर माकडं आली, माकडांना हाकलायला काठ्या आल्या. मीनाक्षीबाईंनी एकदा मोबाइलचा दिवा आत मारून पाहिला आणि सगळ्या व्यवस्थित आहेत, फक्त फार गर्दी आहे, असा नर्सिंगच्या थाटात अहवाल दिला. पुढच्या दोन दिवसांत आणखी चौघींनी तो अहवाल पडताळून पाहिला. विश्वासरावांनी हे सगळं हिंदूरावाच्या काळापासूनचं खानदान आहे असं जाहीर केलं. या दाव्याला पुरावा काय म्हणून कोणी विचारलं नाही, कारण तो त्यांनीच विचारायचा असतो.

नीरजा रोज संध्याकाळी येऊ लागली. वटवाघळं बाहेर पडताना ती दगडावर टेकून मोजत असे, आणि पुन्हा उठून येरझारा घालत असे. बाहेर पडायची त्यांची रीत बदलत होती. आधी धुराच्या लोटासारख्या एकदम निघत, आता चार येत, परत वळत, तोंडाशी घिरट्या घालत. आपल्याला बाहेर पडायचं आहे पण दारात कोणी आहे का, असं जणू पाहून घेत. हे बायकांना सांगावं तर कसं? त्या दुखावल्या आणि हरकत मागे घेतली, तर विटा तिथेच पडलेल्या होत्या. न सांगावं तर माद्या जाणार, आणि भिंत मग निकालानेच उभी राहणार. तिने आधी एक फलक लावला, 'कृपया शांतता राखा'. फलक वाचायला लोक थांबू लागले आणि वाचून एकमेकांना मोठ्याने सांगू लागले.

जूनच्या सुरुवातीला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आमंत्रण आलं. सातवा महिना धरून, येत्या रविवारी, सूर्यास्ताला, भुयाराशी डोहाळजेवण. हिरवी साडी आवश्यक. गाणी येत असतील त्यांनी वह्या आणाव्यात.

नीरजा त्याच संध्याकाळी टिपणिसांकडे पोचली. थांबवायला आली होती. सुहासिनीबाईंनी दार उघडलं तेच तिचा हात धरून आत नेलं, कारण एका बाबतीत त्यांचं अडलं होतं.

"डोहाळे पुरवायचे म्हणजे त्यांना आवडतं ते हवं. त्या नक्की खातात काय?"

"किडे," नीरजा म्हणाली. "भुंगे, पतंग. मुंग्यांना पंख फुटतात ना, त्या."

सुहासिनीबाईंनी यादीकडे पाहिलं. "मग ते राहू दे. ओल्या नारळाच्या करंज्या करते."

"काकू, मला जरा वेगळं बोलायचं होतं."

"बोल की."

नीरजा बोलली ते असं की कार्यक्रम थोडा आटोपशीर ठेवता आला तर बरं. आवाज जरा कमी. माणसं जरा कमी. प्रत्येक वाक्यात 'जरा' होता, आणि जराजरा करत सगळं बोलणं झिजून गेलं. सुहासिनीबाई म्हणाल्या, बिल्कुल, आपण काय लग्न थोडंच काढलंय. मग त्यांनी तिला फुलांच्या वाडीचा नमुना दाखवला. विश्वासरावांनी काळ्या पुठ्ठ्याचं एक वटवाघूळ कापलं होतं, पंख अगदी प्रमाणात, आणि त्याला हिरव्या खणाचं लुगडं नेसवायचं होतं. ते झोपाळ्यावर बसणार होतं. नीरजा पुठ्ठ्याच्या पंखाला हात लावून म्हणाली की छान झालंय. ती घरी परत गेली तेव्हा थांबवायचं सगळं तसंच राहिलं होतं, आणि वर तिच्या गळ्यात एक गाणं म्हणायचं काम पडलं होतं.

शुक्रवारी कळलं की भाटियांनी कार्यक्रमाला स्पीकर द्यायचं कबूल केलं आहे. हॅलोजनचे दिवे, शामियाना आणि ढोलवालाही. भाभीजी, आप बस गाइए, बाकी सब मुझ पर छोड़ दीजिए, असं ते सुहासिनीबाईंना म्हणाले होते. मंडळात त्यांचं फार कौतुक झालं. सून पोटुशी आहे म्हणून मन पालटलं, असं मत पडलं.

विश्वासरावांना मात्र ते पचेना. ज्या माणसाने वीस वर्षांत स्वतःच्या गाडीच्या जागेवर कोणाची सायकल उभी राहू दिली नाही, तो ढोल देतो. त्यांनी नीरजाला फोन केला आणि आयुष्यभराच्या सवयीने सरळ विचारलं: या कार्यक्रमाने लाभ कोणाचा?

ती म्हणाली, "भाटियांचा. एका संध्याकाळीत भुयार रिकामं होईल."

"तुझ्या काकूला सांगितलंस?"

"सांगायलाच आले होते त्या दिवशी."

"आणि पुठ्ठ्याच्या पंखाचं कौतुक करून गेलीस," विश्वासराव म्हणाले. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ती नक्की करेल."

चाळीस वर्षांच्या संसारातून निघालेलं हे निरीक्षण असल्यामुळे त्यावर आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी ऊन उतरायच्या आतच टेकडीवर हिरव्या साड्यांची रीघ लागली. लूचा गरम वारा चालू होता, किकरांच्या शेंगा वाजत होत्या, आणि बायका घाम पुसत, ताटं सांभाळत चढत होत्या. झोपाळा एका फांदीला टांगला होता, त्यावर पुठ्ठ्याची गर्भारीण. शामियान्याचे बांबू भुयाराच्या तोंडापासून हातभरावर रोवलेले. भाटिया स्वतः देखरेख करत होते, सलोनीला मात्र खाली घरी ठेवून आले होते. त्यांनी दिवा तपासायचा म्हणून हॅलोजन लावला. पांढरा उजेड सरळ आत गेला आणि भुयारातून एक आवाज आला, पुष्कळ चिंध्या एकदम फाडल्यासारखा. बायका कौतुकाने हसल्या. जाग्या झाल्या, असं कोणी म्हणालं.

नीरजा वायर ओढून दिव्यापुढे उभी राहिली. दिवा विझला. तिच्या हातात वायर तशीच होती.

"काकू, हे इथे नाही करायचं."

सुहासिनीबाई ओटीचं ताट घेऊन पुढे येत होत्या. "काय नाही करायचं?"

"काहीच. गाणी, दिवे, ओटी. सगळ्यांनी खाली जायला हवं. आत्ता, त्या बाहेर पडायच्या आधी."

भाटिया हिंदीत म्हणाले की बेटा, दोन घंटे की तो बात है. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"हे तू त्या दिवशी घरी का नाही बोललीस?" सुहासिनीबाईंनी विचारलं. आवाज शांत होता. त्यांना ओळखणाऱ्यांना हा आवाज आवडत नाही.

"घाबरले होते."

"मला?"

"तुमच्या सहीला. ती तुम्ही काढून घेतली असती तर?"

"म्हणजे आम्ही सहीपुरत्या."

नीरजाने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ती जागा होती. "हो," ती म्हणाली. "सहीपुरत्याच हव्या होतात. तुम्ही माया करायला लागाल असं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं."

मीनाक्षीबाईंनी आपल्या हातातलं ताट दुसऱ्या हातात घेतलं. सुहासिनीबाईंची मान ताठ झाली, ती तशी झाली की त्या उंच दिसतात. त्यांना सगळ्यांसमोर, नटूनथटून आल्यावर, वयाने निम्म्या मुलीने हे ऐकवलं होतं, आणि पाठीमागे विटांचा ढीग होता. त्यांनी नुसतं वळून भाटियांना 'ठीक आहे' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नीरजालाही ते कळत होतं. तिचा पाय, जो कधी थांबत नाही, थांबला होता.

"त्यांना आमचा त्रास होतो?"

"दिवस भरत आलेली बाई झोपलीय, आणि तिच्या उशाशी आपण सगळे ढोल वाजवणार."

"आणि गेल्या तर?"

"या दिवसांत जागा सोडावी लागली तर पोटातलं राहत नाही, काकू. आणि त्या एकदा गेल्या की..." तिने हाताने विटा दाखवल्या.

सुहासिनीबाई विटांकडे पाहत राहिल्या. मग ढोलवाल्याकडे, मग शामियान्याच्या बांबूंकडे, जे तोंडापासून हातभर अंतरावर होते, आणि मग भाटियांकडे. हिशेब विश्वासरावांच्या घरात चाळीस वर्षं ऐकला की थोडा अंगात उतरतोच.

"भाटियाजी," त्या म्हणाल्या, "यह सब आपके लॉन में लगवा दीजिए. कार्यक्रम वहीं होगा."

भाटिया म्हणाले की लॉनमध्ये कसं शक्य आहे, सलोनी आराम करते आहे, डॉक्टरांनी आवाजापासून लांब राहायला सांगितलंय.

"अच्छा," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आपकी बहू को आवाज़ नहीं चाहिए."

भाटियाच बोलले, ढोलवाल्याला, की तू जा. स्पीकर त्यांनी स्वतः उचलला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना घाम आला.

बायका खाली उतरल्या. डोहाळजेवण भाटियांच्या लॉनवर झालं, स्पीकरशिवाय, हळू आवाजातल्या गाण्यांनी. तयारी झालेली होती, करंज्या झालेल्या होत्या, फुलांची वाडी वाळायला लागली होती. ती सलोनीच्या अंगावर गेली. तिला मराठी येत नाही, पण कोणी आपल्यासाठी गात आहे एवढं कळायला ते यावं लागत नाही, आणि भाटियांनी आमच्या आठवणीत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लोकांना सरबत वाटलं. पुठ्ठ्याचं वटवाघूळ विश्वासरावांनी काखोटीला मारून परत नेलं. सुनेच्या शेजारी ते बसवायला भाटियांच्या पत्नीने साफ नकार दिला होता.

या सगळ्यात सुहासिनीबाई नव्हत्या. त्या वर राहिल्या होत्या.

त्या भुयारापासून बऱ्याच लांब, एका किकराखाली बसल्या. नीरजा त्यांच्यापासून लांब उभी राहिली. ऊन गेलं, आकाश तांबूस झालं, मग राखेच्या रंगाचं झालं, आणि भुयाराच्या तोंडातून काहीच बाहेर आलं नाही. निघायची वेळ उलटून गेली. नीरजा दोनदा पुढे जाऊन मागे फिरली. हिरव्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या की सुहासिनीबाई थिजत; शेवटी त्यांनी पदर मनगटाभोवती घट्ट गुंडाळला आणि हात मांडीवर दाबून धरला.

पुष्कळ उशिरा एक आलं, वळलं, आत गेलं. मग दोन. मग एकदम सगळी, डोक्यावरून, इतक्या जवळून की चेहऱ्यावर वारा लागत होता. सुहासिनीबाईंचे केस दिवसभराच्या गडबडीत सुटून आले होते. त्यांनी हात वर नेला नाही.

"परत येतील ना?" सगळं थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. पहाटे कळेल."

"आजच्यानंतर तू मला काकू म्हणू नकोस," सुहासिनीबाई उठत म्हणाल्या. "किंवा म्हण. पण जे बोलायचं ते घरी येऊन बोल. बसून."

नीरजाने मान हलवली. पहाटे ती आली तेव्हा सुहासिनीबाई वाटेच्या वळणावर, ठरवल्याशिवाय, चादर पांघरल्यासारखा पदर घेऊन उभ्या होत्या. उजाडायच्या आत वटवाघळं परत येताना दिसली, काल गेली तेवढी आहेत की कमी, हे सांगणं कठीण होतं. नीरजाने कोणी न विचारताच कमी वाटतात असं कबूल केलं. सुहासिनीबाईंनी तिला दोष दिला नाही आणि सूटही दिली नाही.

घरी येऊन त्यांनी गटावर संदेश टाकला. पिल्लं उडेपर्यंत भुयाराला सोयर. कोणीही तिकडे फिरकायचं नाही, फळं नाहीत, दिवे नाहीत, विचारपूस नाही. बाळंतिणीच्या खोलीत जसं जात नाही तसंच. कोणी शंका काढली की अजून बाळंतपण झालेलं नाही, मग सोयर आत्तापासून कसं. तिला उत्तर मिळालं की इतक्या जणींचं कधी कोणाचं होईल ते सांगता येत नाही. सकाळच्या फिरण्याचा रस्ता पुन्हा जुन्या बाजूने वळला. नीरजाच्या फलकाने जे झालं नव्हतं ते एका सोयराने झालं. तिला ते थोडं लागलंच असणार.

आपणच घातलेला नियम पाळणं सगळ्यांत जड सुहासिनीबाईंना गेलं. संध्याकाळ झाली की त्या गच्चीवर जात, खाली येत, उगाच कपाटं आवरत. मग नीरजाला फोन करत. गप्पा नाहीत, तिची चौकशी नाही. फक्त "निघाल्या?" नीरजा म्हणे, "निघाल्या." फोन ठेवला जाई. नीरजा वरच्या वळणावर, आता आणखी लांबून, दुर्बीण घेऊन उभी असे. असं आठवडेच्या आठवडे चाललं. आषाढाच्या सुरुवातीच्या एका दमट संध्याकाळी नेहमीचं उत्तर आलं नाही.

"निघाल्या का?"

"थोड्याच," नीरजा म्हणाली. "बाकीच्या मागे राहिल्यात. आणि ज्या गेल्या त्यातल्या काही लगेच परत आल्या."

"काही बिघडलं?"

"नाही, काकू. बहुतेक झालीयत."

विश्वासराव पेपरवरून डोळे वर करून बघत होते.

"पेढे की बर्फी?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"ते आत जाऊन बघितल्याशिवाय नाही सांगता येणार."

"मग नको बघूस."

त्यांनी हलवायाकडून अर्धे पेढे आणि अर्धी बर्फी असा डबा बांधून घेतला, आणि तो स्वतः भाटियांकडे नेला. भाटियांनी दार उघडलं, डबा घेतला, किस खुशी में म्हणून विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर तसेच उभे राहिले. पावसाळा संपायला आणि साहेबांच्या दुसऱ्या पाहणीला अजून अवकाश होता, एवढं त्यांनी सांगून पाहिलं. हो, अवकाश आहे, असं सुहासिनीबाई म्हणाल्या आणि दारातच थांबल्या. आतून नववा महिना लागलेली सलोनी कंबरेला हात लावत आली, सासऱ्यांच्या हातातल्या डब्यातून एक पेढा आणि एक बर्फी उचलली, आणि सगळ्या सुखरूप आहेत ना, असं हिंदीत विचारलं.